पिंडाला दिलेला शब्द

‘साबर बोंडं’ या सिनेमात बाप गेल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. मुंबईत कॉल सेंटरला नोकरी करणारा आनंद बापाचे दिवस घालायला गावी येतो आणि दहा दिवस तिथेच अडकतो. पायात वहाण नाही, निजायला जमीन, खाण्यापिण्याला बंधनं आणि उठल्यापासून दारात माणसं. येणाऱ्यांचा दुखवटा दोन वाक्यांत संपतो. तिसरं वाक्य ठरलेलं: आता पोराचं उरकून घ्या. आनंदला ते उरकायचं नाही. बाळ्या म्हणून त्याचा लहानपणचा सवंगडी आहे, गावातच राहून शेती करणारा, त्यालाही उरकायचं नाही. सुतकाच्या त्या दहा दिवसांत हे दोघं पुन्हा एकमेकांना सापडतात. शेवट सांगत नाही.

सिनेमा रोहन परशुराम कानवडे यांचा. वाढले मुंबईच्या झोपडपट्टीतल्या एका खोलीच्या घरात, वडील ड्रायव्हर. २०१६ साली वडील गेले, तेव्हा गावात काढलेल्या दहा दिवसांत त्यांना ही गोष्ट सुचली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जगभरच्या कथापटांच्या विभागात तिला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं आणि १९ सप्टेंबर २०२५ ला ती आपल्याकडे थिएटरात आली. भूषण मनोज आनंद झालाय, सूरज सुमन बाळ्या, आणि जयश्री जगताप आई. पार्श्वसंगीत नाही. माणसं गप्प बसली की पडद्यावर खरोखरच गप्प असतं, आणि थिएटरात शेजारच्याच्या पॉपकॉर्नचा आवाज येतो.

चित्रीकरण संगमनेर तालुक्यातल्या खर्शिंद्याचं आहे. माझ्या माहेरहून, म्हणजे मुरबाड तालुक्यातून, माळशेज चढून ओतूर आणि आळेफाट्याला गेलं आणि डावीकडे वळलं की संगमनेरचा रस्ता लागतो. आमची सोयरीक त्या बाजूला फार जात नाही, पण घाटाच्या वर आणि खाली मरणाच्या रीती जवळपास सारख्याच. म्हणून मला त्यातलं प्रेम समजायला वेळ लागला नाही, सुतक आधी समजलं होतं.

शहरातल्या वाचकाला एक सांगायला हवं. बाप मेला की लगेच लग्नाचा विषय काढणारे काका-मामा निर्दय नसतात. त्यांच्याकडे हिशेब असतो. घरात कर्ता माणूस गेला तर वर्षाच्या आत मंगलकार्य करून टाकायचं, नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं, अशी रीत आहे. तिशी ओलांडलेला पोरगा तीन वर्षं थांबला तर त्याला कोण देणार? शिवाय आई एकटी, तिच्या हाताखाली कोणी नको का? म्हणजे दुःखाच्या पहिल्या आठवड्यातच मुदत सुरू होते. ज्याला लग्न हवंय त्याच्यासाठी ही मुदत सोय आहे. ज्याला नकोय, आणि का नकोय ते ज्याला कुणाला सांगता येत नाही, त्याला ती फास.

माझ्या माहेरच्या भावकीत काही वर्षांपूर्वी एक म्हातारा गेला. दहाव्याला आम्ही सगळे काळू नदीवर. आमच्याकडे बायाही जातात, थोड्या मागे उभ्या राहतात. पोराचं डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा. पिंड मांडले, सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघणं सुरू झालं. समोरच्या उंबरावर तीन-चार कावळे बसलेले. खाली एकही उतरेना. ज्याने हा प्रकार पाहिला आहे त्याला माहीत आहे की अशा वेळी माणसं पिंडासमोर हात जोडून मेलेल्याला शब्द देतात. त्याचा जीव कशात अडकलाय याचा अंदाज घेत घेत. सोसायटीचं कर्ज फेडू म्हणून थोरल्या जावयाने सांगितलं. म्हातारीला अंतर देणार नाही म्हणून लेक बोलली. कावळा ढिम्म. मग चुलता पुढे झाला, टोपी काढली आणि मोठ्याने म्हणाला, “दादा, तुझ्या पोराचं लगीन या वैशाखात आमी लावतू. तू जीव गुतवू नको, जा.” आणि कावळा उतरला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कुणी डोळे पुसले. मी पोराकडे बघत होते. तो कावळ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर सुटका नव्हती.

त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं असंही कुणाला वाटलं नसतं, कारण बोलणी मेलेल्याशी चालली होती. मेलेल्याला दिलेला शब्द मोडता येत नाही. मोडला तर पुढे जे काही वाईट होईल, म्हैस आटेल, बाळ आजारी पडेल, ते त्याच खात्यावर मांडलं जातं. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवायचा, अशी सोय शास्त्राने ठेवली आहे. त्या दिवशी भटजींनी ती अर्धा तास आधी सुचवली असती तर एका माणसाचं आयुष्य वेगळं गेलं असतं, असं माझ्या मनात अजून येतं. भटजींचा काय दोष म्हणा; त्यांना पुढे दुसऱ्या गावचा दहावा होता.

त्या दहा दिवसांत पोराचा एक मित्र रोज शेजारच्या गावाहून यायचा. लाकडं फोडायचा, टँकर आला की ड्रम भरून घ्यायचा, आल्या-गेल्याला कोरा चहा द्यायचा, आणि रात्री पडवीत पोराच्या बाजूला घोंगडी टाकून पडायचा. म्हातारीने त्याला कधी जा म्हटलं नाही. भावकी त्याचं कौतुक करायची: सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतो. गावात दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात, एका ताटात जेवतात, एका मोटरसायकलवर म्हशाच्या जत्रेला जातात. कुणी वळून बघत नाही. पोरगा आणि पोरगी दहा पावलं एकत्र चालली तर मात्र गावभर होतं. हा उलटा न्याय अशा जोडीला किती मोठी सावली देतो, ते मला सिनेमा पाहताना कळलं. आनंद आणि बाळ्या माळावर, झाडाखाली, तळ्याकाठी भेटतात. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भेटतात म्हणा ना. त्यांना लपायला खोली नाही, आणि खोलीची गरज लागते ती फार उशिरा.

मराठीत हा विषय नवा नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ चं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ ची, पुढे तिचा सिनेमाही झाला. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला आणि या माणसांच्या जगण्यावर सातत्याने लिहिलं. पण यातली बरीचशी माणसं कॉलेजातली, शहरातली, वाचणारी. त्यांच्याकडे स्वतःबद्दल बोलायला भाषा होती. बाळ्याकडे ती नाही. कानवड्यांनी आधी ‘उ उषाचा’ हा लघुपट केला, त्यात शेतावर मजुरी करणाऱ्या बाईचं मन शाळेतल्या बाईंवर जडतं, तिच्याकडेही ती नव्हती. भाषा नसलेल्या माणसाला भावना नसते असं आपण किती सहज धरून चालतो. खेड्यात ‘असलं काही’ नसतं म्हणणारे मी खूप ऐकले आहेत. त्यातले बहुतेक सुट्टीला गावी येतात.

मुरबाड आणि शहापूर, आमचे दोन तालुके शेजारचे. माझं माहेर एकात, सासर दुसऱ्यात, आणि मधला रस्ता मी बैलगाडीपासून नव्या हायवेपर्यंत सगळ्या अवस्थांत बघितला आहे. पण एक फरक अजून तसाच. शहापूरला लोकल आहे, मुरबाडला एसटी. आसनगावला, आटगावला, खर्डीला गाडीत बसलेला पोरगा दोन-अडीच तासांत मुंबईत असतो, आणि तिथे त्याला कुणी कुणाचा म्हणून ओळखत नाही. रात्रीच्या कसारा लोकलने तो परत येतो, पुन्हा कुणाचा तरी लेक होतो. त्याने दोन आयुष्यं दोन गावांत ठेवली तर मधल्या रुळांची त्याला मदत होते. मुरबाडच्या आतल्या गावात ही सोय नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या घोषणा ऐकत माझे केस पिकले. तिथून कल्याणला गेलेला पोरगा शेवटच्या गाडीने परतला नाही तर सकाळी चार जण विचारतात रात्री कुठे होतास, आणि कंडक्टर बहुधा मामाच्या गावचा असतो. म्हणून मुरबाडकडची अशी माणसं गावातच राहून गावाच्या समोरच जगतात, मित्र म्हणून, धर्मभाऊ म्हणून, भजनाच्या टाळकऱ्यांत शेजारी शेजारी उभी. शहापूरकडची लोकलच्या डब्यात जगतात. यातलं बरं काय म्हणाल तर मला ठरवता येत नाही. लोकलवाल्याला मोकळा श्वास मिळतो, पण तो मोबाइलवर भेटलेल्या परक्याच्या भरवशावर. गावातल्याला जीवाचा माणूस मिळतो आणि त्याच्या लग्नात वाढायलाही जावं लागतं.

अलीकडे आणखी एक आडोसा निर्माण झाला आहे, आणि तो कुणी मुद्दाम केलेला नाही. शेतकऱ्याच्या पोराला मुली मिळत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी डोक्याला बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. बायको द्या म्हणून. आपण सगळे हसलो. आमच्याकडेही मुलीचा बाप पहिल्यांदा विचारतो नोकरी कुठे, दुसऱ्यांदा विचारतो बदलापूर-कल्याणला फ्लॅट आहे का. त्यामुळे पस्तिशीचा बिनलग्नाचा पुरुष आता प्रत्येक आळीत एकदोन सापडतो आणि त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. जुळत नाही, एवढं म्हटलं की झालं. ज्याला जुळवायचंच नाही तो या गर्दीत निर्धास्त उभा राहतो. फक्त त्याच्या जमिनीला भाव येता कामा नये. शहापुरात समृद्धी महामार्गात ज्यांची जमीन गेली आणि खात्यात पैसे आले, त्यांच्या दारात स्थळं आपल्या पायाने चालत आली. पैशाने त्या घरांचं भलं झालं. एखाद्याचा आडोसा मात्र गेला असणार.

आता सिनेमातल्या आईकडे येते, कारण मी सगळ्यात जास्त तिच्याकडे बघत होते. सुमनला आपला पोरगा कसा आहे ते ठाऊक आहे. तिने ते मानलंय. पण भावकीसमोर ती खोटं बोलते, आणि पोराला काय सांगायचं तेही शिकवते: एका मुलीने फसवलं, तेव्हापासून लग्नावरून मन उडालंय. केवढं साधं खोटं. गाव ते लगेच गिळतं, कारण मुलीने फसवलं यावर विश्वास ठेवायला सगळे तयारच असतात. (कुठल्या तरी नसलेल्या मुलीच्या डोक्यावर हे पाप जातं, याचं मला जरा वाईट वाटलं.) काही समीक्षक म्हणतील की आईने खरं सांगायला हवं होतं, पोराच्या बाजूने उभं राहायला हवं होतं. मला वाटतं ती उभीच आहे. माणूस एकटा खोटं बोलतो तेव्हा तो आतून पोखरला जातो. घर मिळून खोटं बोलतं तेव्हा निदान घरात आल्यावर तरी त्याला खरं राहता येतं. सगळ्या जगाशी भांडायची ताकद नसलेल्या विधवेने पोरासाठी तेवढी जागा राखली, यापेक्षा जास्त मी तिच्याकडे मागणार नाही.

पण अशी आई विरळा. बहुतेक घरांत आईला कळलेलं असतं आणि तरी लग्न होतं. लग्न झालं की ताळ्यावर येईल, हे वाक्य दारू पिणाऱ्या पोराबद्दल, भटकणाऱ्या पोराबद्दल आणि या पोराबद्दल एकाच सुरात म्हटलं जातं. आमच्या बायकांना इतकं मोठं औषध समजलं जातं, याचा अभिमान बाळगावा की काय कळत नाही.

काळूच्या काठी ज्याच्या लग्नाचा शब्द दिला गेला त्याचं लग्न ठरल्या वैशाखात झालं. मुलगी माझ्या सासरकडची, शहापूर तालुक्यातली. हळद झाली, धवले झाले, डीजे झाला. तो मित्र मांडवात तीन दिवस राबत होता. दोनेक वर्षांत मुलगी माहेरी आली ती परत गेली नाही. मधल्या काळात मूल होत नाही म्हणून तिला भगताकडे नेलं, म्हसोबाला नवस बोलले, कल्याणच्या डॉक्टरकडे तिच्या सगळ्या तपासण्या केल्या. त्याला कुणी नेलं नाही. एकदा तळ्यावर धुणं धुताना ती मला म्हणाली, “काकी, त्यांनी माझ्यावर कदी हात उचलला नाही, शिवी दिली नाही. माझं आजारपण काढलं. पण मला आणली कशाला?” तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. मी धुणं पिळत राहिले.

मला त्या पोराचा राग करता आला नाही, अजून येत नाही. त्यालाही दुसऱ्या कुणीतरीच देऊन टाकलं होतं. पण या गोष्टीत सगळ्यात कमी माहिती असलेलं माणूस ती होती. आईला माहीत होतं, मित्राला माहीत होतं, चुलत्याला अंदाज असावा. गाव अशा पोराला सांभाळून घेतं, हे खरं आहे आणि गावाच्या बाजूने ते सांगितलंच पाहिजे. नाव न घेता, वाळीत न टाकता, वर्षानुवर्षं सांभाळतं. पण त्या सांभाळण्याचं बिल शेवटी कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या मुलीच्या नावावर फाडलं जातं. अमोल पालेकरांनी २००६ साली ‘थांग’ केला, इंग्रजीत ‘क्वेस्ट’. त्यात बायकोला नवऱ्याचं दुसऱ्या पुरुषाशी नातं कळतं आणि कॅमेरा तिच्याजवळ थांबतो. ती शहरातली, शिकलेली बाई होती. आमच्या मुलीसाठी कुणी कॅमेरा लावलेला नाही. ‘साबर बोंडं’ मला आवडला त्याचं एक कारण हेही की आनंद आणि बाळ्या कुठल्याही मुलीला यात ओढायला तयार नाहीत. त्यांचा नकार नुसता स्वतःच्या प्रेमासाठी वाटतो, पण त्याने एक न दिसणारी बाईही वाचते.

कायद्याबद्दल थोडंच सांगते, कारण गावात तो थोडाच पोचला आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधून दोन सज्ञान माणसांच्या संमतीचा संबंध काढून टाकला; तो गुन्हा राहिला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी अशा जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला आणि तो विषय संसदेचा म्हणून सोडला. म्हणजे आज स्थिती अशी की त्या पोराला त्याच्या मित्राशी लग्न करता येत नाही, पण त्याचं लग्न कुणाही मुलीशी लावून द्यायला कुणाची हरकत नाही.

हे लिहिताना समोर माझ्या वयाचे चुलते, मामा, थोरले दीर दिसतात. ते हा सिनेमा बघायला जाणार नाहीत. गेले तरी अर्ध्यात उठतील, आणि ‘असलं काय दाखवतात’ म्हणून बाहेर चहा पितील. त्यांनी सिनेमा बघावा असा माझा आग्रह नाही. पोराने तुमच्याजवळ सगळं उघडं करावं असाही नाही. त्याच्या मनातलं त्याच्यापाशी राहू द्या. एवढंच करा. पुढच्या वेळी नदीवर उभे असाल आणि कावळा उतरेना, तेव्हा बाकीचं काय वाटेल ते कबूल करा. कर्ज फेडू म्हणा, विहीर पुरी करू म्हणा, म्हातारीला सांभाळू म्हणा. तेही पुरलं नाही तर दर्भाचा कावळा करा, भटजी नाही म्हणणार नाहीत. पोराच्या लग्नाचा शब्द मात्र पोराला बाजूला घेऊन विचारल्याशिवाय देऊ नका. आणि त्याने मान खाली घातली, तर ते होय समजू नका.